गाठ पाहणे

ती गाठ अपुरी आहे हे आम्हाला दिसले होते. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे जे लिहिणार आहोत त्यात अदब, विश्वास, उस्ताद-शागिर्दाचे नाते असे मोठे शब्द येतील आणि त्या शब्दांच्या आडोशाला ही साधी गोष्ट झाकली जाण्याची भीती आहे.

आम्ही दोघे एकाच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एक उर्दू आणि इतिहास शिकवतो, दुसरा गणित. लेखणी एकाच्या हातात असली तरी जे घडले ते दोघांचे आहे आणि जो गुन्हा झाला तोही दोघांनी अर्धा-अर्धा वाटून घेतलेला आहे. म्हणून या लेखात 'मी' नाही.

आमचे राहणे मुंब्र्याचे. पारसिकचा डोंगर आमच्या खिडकीत आहे. पावसाळा संपला की रविवारी सकाळी मुंबईची मुले-मुली पाठीवर दोरांची वेटोळी घेऊन स्टेशनवर उतरतात आणि डोंगराच्या कातळावर चढायचा सराव करतात. लहानपणापासून आम्ही हे खालून पाहत आलो. आमच्या वस्तीतली पोरेही त्याच डोंगरावर चढतात, पण चपला घालून आणि घरच्यांना न सांगता. शाळेतल्या मुलांना एकदा नीट दोर लावून चढवावे अशी कल्पना निघाली तेव्हा मुख्याध्यापकांनी रास्त प्रश्न विचारला, "आधी तुम्हाला येते का?" येत नव्हते. म्हणून शिकायला गेलो. घरी बायकांनी जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.

ज्यांच्याकडे शिकलो ते पन्नाशीचे गृहस्थ. वीस-बावीस वर्षे सह्याद्रीत माणसांना कडे चढवण्याचे काम करणारे. ते आम्हाला 'सर' म्हणत, आम्ही त्यांना 'उस्ताद' म्हणू लागलो. आधी त्यांना हसू आले, मग सवय झाली. पहिले काही रविवार मुंब्र्याच्या कातळावरच गेले. हार्नेस घालणे, गाठी मारणे, दुसऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणे, म्हणजे बिले देणे. त्यानंतर त्यांनी सांगितले की, आता तैलबैल्याला जाऊ.

ज्यांनी तैलबैला पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लोणावळ्याच्या दक्षिणेला, मुळशीच्या बाजूच्या डोंगराळ मुलखात पठारावर दोन प्रचंड कातळभिंती शेजारी-शेजारी उभ्या आहेत. मध्ये खिंड. खिंडीत देवाचे ठाणे आहे, पाण्याचे टाके आहे. कुणीतरी जाड पुस्तकाची दोन पाने उभी करून ठेवावीत तशा त्या भिंती दिसतात. खालच्या गावातून पहिल्यांदा वर पाहिले तेव्हा गणिताचे सर म्हणाले, "याला उतार नावाची गोष्टच नाही." सगळा बेसाल्ट, लाव्ह्याचा दगड. दख्खनचा हा कातळ साडेसहा कोटी वर्षांहून जुना आहे असे भूगर्भशास्त्र सांगते. पण इतका जुना असूनही सगळीकडे भरवशाचा नाही. हाताला चांगली पकड लागली म्हणावी आणि तो तुकडाच निघून हातात यावा, असे होते. म्हणून उस्तादांची शिकवण अशी की, दगडावर भार टाकण्याआधी त्याला तळव्याने ठोकायचे आणि आवाज ऐकायचा. पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. कड्याला आग्या मोहोळ आहे का तेही खालूनच न्याहाळायचे, मोठ्याने बोलायचे नाही, अत्तर लावायचे नाही. (हे शेवटचे आम्हाला उद्देशून होते.)

एका दोराच्या लांबीत मावणार नाही असा कडा टप्प्याटप्प्याने चढायचा असतो. या टप्प्याला सगळे पिच म्हणतात. पुढचा माणूस, म्हणजे लीडर, दोर बांधून वर जातो, वाटेत ठोकलेल्या बोल्टमध्ये किंवा कपारीत अडकवलेल्या साधनात दोर अडकवत जातो. खालचा त्याला बिले देतो. लीडर शेवटच्या बोल्टच्या दहा फूट वर असेल आणि निसटला, तर तो दहा फूट पडत नाही. बोल्टपर्यंतचे दहा आणि त्याखालचे दहा असे वीस पडतो, वर दोराची ताण. मागून येणाऱ्याला दोर वरून असतो, तो निसटला तरी फारसा पडत नाही. म्हणजे शिकणारा सुरक्षित आणि शिकवणारा धोक्यात, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या धंद्यात याच्या उलट असते, हा विचार तिथेच मनात आला.

टप्पा संपला की लीडर जिथे उभे राहायला जागा असेल तिथे अँकर तयार करतो. एका बोल्टवर कधीच नाही, निदान दोन, आणि दोन्ही असे जोडायचे की एक उखडला तर दुसऱ्याने भार घ्यावा. तिथे स्वतःला बांधून घ्यायचे आणि मग मागच्याला वर घ्यायचे. तिथे एक नियम असा की, एका गोष्टीतून सुटण्याआधी दुसऱ्या गोष्टीत अडकलेले असले पाहिजे. मधला एक क्षणही मोकळा नको. उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारायची, म्हणजे अंदाज चुकला तरी माणूस दोराच्या टोकावरून खाली जाणार नाही. वर प्रुसिकचा फास, जो हात सुटला तर दोराला आवळून धरतो. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली ही गाठ प्रसिद्ध केली. हे सगळे शिकताना आमच्या लक्षात आले की, ही सारी विद्या एका गृहीतावर उभी आहे. माणूस चुकणारच. अनाडी चुकतो तसा जाणकारही चुकतो. म्हणून प्रत्येक गोष्टीला दुसरी गोष्ट राखीव. आणि प्रत्येक माणसाला दुसऱ्या माणसाची नजर. चढण्याआधी दोघांनी एकमेकांचे बक्कल, गाठ, कॅराबिनरचे कुलूप पाहायचे. उस्ताद स्वतःची गाठही दर वेळी आम्हाला दाखवत आणि म्हणत, "सर, माझी गाठ बघा."

आम्हाला ते त्यांचे मोठेपण वाटे. एखाद्या बुजुर्गाने लहान मुलाला विचारावे, काय रे, मी बरोबर बोललो ना? मूल मान हलवते. आम्हीही मान हलवत असू.

त्या सकाळी खिंडीत आम्ही तयार होत होतो. उस्तादांनी दोरात आठ आकड्याची गाठ मारली. ही गाठ दोन भागांत बांधतात. आधी दोरात एक आठ, मग टोक हार्नेसच्या दोन्ही फाशांतून ओवायचे आणि त्याच आठच्या वाटेने उलटे फिरवून आणायचे. पुरी झाली की दोर जोडीने धावताना दिसतो. "पाच जोड्या मोजा" असे त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवले होते. त्यांनी टोक ओवले, फिरवायला घेतले, तेवढ्यात आमच्यापैकी एकाने विचारले, "उस्ताद, वर पोचायला किती वाजतील?" जोहरच्या नमाजाचा हिशेब मनात होता. त्यांनी वर पाहिले, सावली कुठे आहे ते पाहिले, सांगितले, मग वाकून बुटांचे बंद आवळले. उठले. हाताला खडू लावला. आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "सर, माझी गाठ बघा."

आम्ही पाहिले. जोड्या दोनच होत्या.

आम्ही म्हणालो, "ठीक आहे."

ते चढू लागले. पहिला बोल्ट दहा-बारा फुटांवर होता. त्यात दोर अडकवायला त्यांनी तो ओढला, नजर खाली गेली आणि ते थांबले. काही बोलले नाहीत. कमरेची स्लिंग बोल्टमध्ये अडकवली, तिच्यावर भार टाकला, गाठ पुरी केली आणि खाली उतरून आले. दगडावर बसले.

"सर, गाठ बघितली होती का?"

"हो."

"अपुरी दिसली?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. "हो."

"मग?"

"वाटलं, तुमची काही वेगळी पद्धत असेल."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपे गेले असते. म्हणाले, "पडलो असतो तर माझ्या बायकोला काय सांगितलं असतंत? पद्धत होती म्हणून?" मग त्यांनी थर्मासमधला चहा ओतला, तिघांनी प्यायला, आणि अर्ध्या तासाने आम्ही चढलो. तीन टप्पे. वर वारा होता, दूरवर सुधागड दिसत होता. चढाई उत्तम झाली. पण तिचे वर्णन करायची इच्छा होत नाही.

परतीच्या गाडीत आणि त्यानंतर पुष्कळ दिवस आम्ही दोघांनी याची चिरफाड केली. आम्ही गप्प का बसलो? पहिले उत्तर सोपे होते: अदब. उस्तादाची चूक काढू नये हे आम्हाला घरात, मदरशात, शाळेत, सगळीकडे शिकवले गेले. पण हे उत्तर फार दिवस टिकले नाही. अदब उस्तादासाठी असते आणि त्या क्षणी आम्हाला उस्तादांची नव्हे, स्वतःची चिंता होती. गाठ बरोबर निघाली असती तर आम्ही अडाणी ठरलो असतो. तेवढे हसे टाळण्यासाठी आम्ही एका माणसाचा जीव पणाला लावला, आणि वर त्याला अदब असे नाव दिले. शिवाय दोघे होतो. प्रत्येकाला वाटले, खरेच चूक असती तर दुसरा बोलला असता. एकटा असता तर कदाचित बोललाही असता. 'आम्ही' या शब्दात लपायला फार जागा आहे.

गणिताच्या सरांनी एकदा बचावाचा मुद्दा काढला, आणि तो वाटतो तितका पोकळ नाही. ते म्हणाले, "रहबराला प्रश्न विचारायचे नाहीत ही तर आपली जुनी शिकवण आहे. हजरत मूसांना काय सांगितले होते?" सूरह कहफमधला तो प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. मूसा अलैहिस्सलाम इल्म शिकण्यासाठी ज्यांच्या मागे जातात, ज्यांना परंपरा खिज्र म्हणून ओळखते, ते अट घालतात की, मी स्वतः सांगेपर्यंत काही विचारायचे नाही. मग गरिबांची नाव फोडली जाते, एका मुलाचा जीव जातो, अन्न नाकारणाऱ्या गावातली पडकी भिंत फुकट उभारून दिली जाते. मूसा तिन्ही वेळा बोलतात आणि साथ सुटते. लहानपणापासून आम्ही याचा अर्थ असा ऐकला की, सब्र करा, मोठ्यांना विचारू नका.

पण हा किस्सा पुन्हा वाचताना आम्हाला दुसरेही दिसले. खिज्रांकडचे इल्म अल्लाहने खास दिलेले होते. आमच्या ओळखीत तसा कुणी नाही. ना शाळेत, ना कड्यावर, ना कमिटीत. ज्याच्याकडे ते इल्म नाही त्याने ती अट घालणे म्हणजे दुसऱ्याचा झगा अंगावर चढवणे आहे. आणि मूसांचे पाहा. वचन दिलेले असूनही डोळ्यांसमोर नाव बुडताना दिसली तेव्हा त्यांच्याने गप्प राहवले नाही. त्यात त्यांची उणीव पाहणारे पाहोत. आम्हाला त्या ठिकाणी आमची उणीव दिसली.

आपल्याकडे दुसरी परंपराही आहेच, आणि तिचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो. हदीस जमवणाऱ्यांनी सांगणाऱ्यांची साखळी कडी-कडीने तपासली. हा माणूस नेक आहे का, एवढेच पाहून ते थांबले नाहीत. नेक माणसाची स्मरणशक्ती पक्की आहे का, हेही पाहिले. इमाम बुखारींचे उस्ताद अली इब्न अल-मदीनी यांना त्यांच्याच वडिलांबद्दल विचारले गेले, तेव्हा त्यांनी वडिलांना रिवायतीच्या बाबतीत कमजोर ठरवले, अशी नोंद आहे. मुलाने बापाबद्दल असे म्हणावे! त्यात बेअदबी कुणी पाहिली नाही. उलट ते न बोलणे हीच खयानत झाली असती.

असे असले तरी तपासण्यालाही हद्द आहे, हे मान्य केले पाहिजे. कड्यात ठोकलेला बोल्ट आत किती गेला आहे ते आम्हाला दिसत नाही. दोर ज्या कारखान्यात विणला तिथल्या कामगाराला आम्ही ओळखत नाही. दुसऱ्या टप्प्यावर आमच्यातला एक जण अडकला, पाय थरथरू लागले. त्या वेळी वरून आवाज आला, "डावा पाय उचला, बघू नका, उचला." तेव्हा वाद घातला असता तर तिथेच लटकत राहिलो असतो. तिथे ऐकणे हेच शहाणपण होते. शिकणाऱ्याला पुष्कळशा गोष्टी आधी मानाव्या लागतात, पटतात नंतर. मुळाक्षरे शिकताना 'अलिफ'ला अलिफ का म्हणायचे हे विचारत बसले तर वाचन कधीच येणार नाही. म्हणून आम्ही आमच्यापुरते असे ठरवले आहे की, जे आपल्या नजरेच्या पलीकडे आहे त्यावर भरवसा ठेवावा लागतो, पण जे डोळ्यांना दिसले त्याची जबाबदारी भरवशावर ढकलता येत नाही. विचारायची जागा असते ती खाली, पायथ्याशी, किंवा प्रत्येक टप्प्याच्या अँकरवर. तिथे न विचारणाऱ्याला मध्यावर विचारण्याचा हक्क उरत नाही. हे उत्तर पूर्ण आहे असे आमचे म्हणणे नाही. गणिताच्या सरांना तर ते अजूनही अर्धेच पटले आहे.

कसलेला माणूस चुकतो का, असे कुणी विचारील. लिन हिल ही अमेरिकन आरोहक तिच्या काळातल्या जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक. 1989 साली फ्रान्समधील ब्यूक्सच्या कड्यावर तिने दोर हार्नेसमधून ओवला आणि गाठ पुरी करायची राहून गेली. वर पोचून तिने दोरावर भार टाकला आणि ती ऐंशी फुटांच्या आसपास खाली आली. झाडामुळे वाचली. पुढे 1993 साली तिनेच एल कॅपिटन या सुमारे तीन हजार फुटी कड्यावरची 'नोज' ही वाट प्रथमच केवळ हातापायांच्या बळावर, दोर फक्त पडण्यापासून वाचवायला ठेवून, चढून दाखवली. म्हणजे चूक झाली ती कौशल्य कमी होते म्हणून नव्हे. हात सवयीने चालत होते आणि लक्ष दुसरीकडे होते. उस्तादांचे तेच झाले. आणि लक्ष दुसरीकडे नेणारे आम्हीच होतो.

आणखी एक गोष्ट 1865 सालची. 14 जुलैला मॅटरहॉर्न हे शिखर पहिल्यांदा सर झाले. सात जण एका दोराने उतरत होते. एक नवखा घसरला, त्याच्यासोबत आणखी तिघे ओढले गेले, आणि त्यांच्या वरच्या पीटर टाउगवाल्डर या वाटाड्याच्या पुढचा दोर तुटला. चार गेले, तीन वाचले. मग कळले की, तुटलेला दोर बरोबर नेलेल्या दोरांपैकी सर्वांत कच्चा, राखीव म्हणून ठेवलेला होता. चौकशी झाली. वाटाड्याने मुद्दामच कच्चा दोर लावला, दोर कापलाच, अशा कंड्या पिकल्या. चौकशीत तो निर्दोष ठरला तरी संशयाने त्याची पाठ सोडली नाही. दोर बांधला गेला तेव्हा तिथे आणखी सहा जण उभे होते. वेळेवर न पाहणारे लोक नंतर फार बारकाईने पाहतात.

इथपर्यंतचा भाग शाळेतल्या मुलांना सांगण्याजोगा आहे. यापुढचा नाही, पण तोच सांगायचा म्हणून हा लेख लिहायला घेतला.

दहावीचे फॉर्म भरले की मंडळाकडून मुलांच्या नावांची प्री-लिस्ट येते. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, विषय, सगळे तपासून विद्यार्थ्याने समोर सही करायची असते. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांच्या नावातला 'अब्दुल' सुटला. फॉर्म आम्हीच भरला होता. मुलाने प्री-लिस्ट पाहिली, सही केली, गेला. प्रमाणपत्र आल्यावर घरच्यांच्या लक्षात आले. आपल्या लोकांसाठी कागदावरचा एक शब्द म्हणजे काय असतो हे वाचकांना समजावायला नको. आधारवर एक, रेशन कार्डावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरेच. प्रतिज्ञापत्र, जनरल रजिस्टरचा उतारा, कचेरीच्या खेपा. बापाने रोजगार बुडवून त्या केल्या. एका खेपेला आम्हीही गेलो. तिथे बाकावर बसल्या-बसल्या मुलाला विचारले, "तूने देखा नहीं था?"

"देखा था, सर."

"फिर बोला क्यों नहीं?"

"आपने लिखा था ना, सर. मुझे लगा ऐसा ही लिखते होंगे."

तेव्हा आम्ही त्याला बावळट म्हटले होते. चारचौघांत. तैलबैल्याच्या खिंडीत "तुमची पद्धत असेल" हे वाक्य आमच्या तोंडून निघाले तेव्हा ते आधी कुठे ऐकले आहे हे लगेच आठवले नाही. आठवले ते परतताना, लोणावळा स्टेशनवर.

आणि मग त्याच्याही मागचे आठवू लागले. सातवीतल्या एका मुलीने फळ्यावरच्या गणितात बाकी चुकल्याचे सांगितले होते. तिला "बैठो, बीच में नहीं बोलते" असे सांगितले गेले. बाकी चुकलीच होती. फळा पुसून पुढचे गणित घेतले गेले. तीस-चाळीस मुले ते पाहत होती, आणि त्या चाळिसांत तो मुलगा होता की नव्हता हे आता कळायला मार्ग नाही. असला पाहिजे असे वाटते.

त्याच्या नावाची दुरुस्ती शेवटी झाली. आता तो डिप्लोमा करतो. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर भेटला. आम्ही दोघेही होतो. त्याला ती गोष्ट सांगितली, खिंडीतली, गाठीची, सगळी. त्या दिवशी तुला बोललो ते चुकले, असेही म्हणालो. तो हात बांधून, मान किंचित खाली घालून ऐकत होता. आम्ही थांबलो की म्हणे, "जी सर." गणिताच्या सरांनी त्याला विचारले, "मग आता आमचे काही चुकले तर सांगशील ना?"

"जी सर."

सरांनी मुद्दामच विचारले, "आणि आम्ही आत्ता जे बोललो ते सगळे बरोबर होते?"

"जी सर," तो म्हणाला, आणि सलाम करून चपला शोधायला गेला.